रेस सोडली तरी गाडी सोडत नाही

नवीन गाडी घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं की मी गाडी चालवायचंच विसरलोय. पहिल्यातून दुसरा टाकताना दरवेळी हिसका. क्लच दाबला, पाय रेसवरून काढला, गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडीने सगळ्यांना पुढे वाकवून नमस्कार घातला. आधीची गाडी १.४ लिटरची, चार सिलिंडर, ॲक्सिलरेटरला सरळ केबल, आणि ती मी बारा वर्षं चालवली, त्यामुळे पायाला सवय अशी की विचार न करता सगळं व्हायचं. ही नवीन १ लिटरची, तीन सिलिंडर, टर्बो, आणि पाय काढला की आरपीएमचा, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय त्याचा, काटा खाली यायच्या ऐवजी जिथल्या तिथे उभा. एकदा तर नीट बघितलं, क्लच दाबल्या दाबल्या काटा शंभर-दोनशेने वर गेला आणि मग आरामात, काही घाई नसल्यासारखा खाली आला.

सर्व्हिसला दाखवली. एका माणसाने चक्कर मारली आणि "सर, हिला असंच असतं, सवय होईल" म्हणून चावी हातात दिली. मला राग आला होता पण खरं सांगायचं तर तो बरोबर होता, फक्त असं का असतं ते त्याने सांगितलं नाही, आणि मला ते कळल्याशिवाय झोप येणार नव्हती.

तर मूळ गोष्ट अशी की आता तुमचा पाय आणि इंजिन यांच्यात काहीही जोडलेलं नाहीये. जुन्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या, झडपेपर्यंत तार असायची, पाय काढला की स्प्रिंग झडप फाटकन बंद करायची, तुम्ही आणि झडप, मध्ये कोणी नाही. आता पेडलला असतात सेन्सर, तेही दोन, म्हणजे एक चुकला तर दुसऱ्यावरून कळावं, आणि बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोबर निम्मा ठेवतात जेणेकरून दोघांचा मेळ बसला नाही की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, लगेच शंका यावी. हे पेडल फक्त "ड्रायव्हरला आता इतका टॉर्क (फिरवायचा जोर) हवाय" एवढंच सांगतं. झडप किती उघडायची, कधी मिटायची, हे ईसीयू ठरवतो आणि मोटर फिरवतो. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या शेवटी बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरवाल्या ७ सीरिजमध्ये आली तेव्हा ते श्रीमंतांचं कौतुक होतं, आता छोट्यातल्या छोट्या गाडीत तेच आहे. म्हणजे पाय काढणं हा आता अर्ज झालाय, आणि ईसीयू तो अर्ज मंजूर करायच्या आधी चार टेबलांवरून फिरवून आणतो. मी तरी ते तसंच समजून घेतलं आणि डोकं शांत झालं.

पहिलं टेबल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिनातून निघणारा धूर साफ करणाऱ्या डब्याचं, आणि सगळ्यात जास्त अडवणारा साहेब हाच.

पेट्रोल पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. कन्व्हर्टरला हे प्रमाण अगदी काट्यावर लागतं, कारण त्याला एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलला ऑक्सिजन द्यायचा आणि नायट्रोजन ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घ्यायचा. जरा हवा जास्त झाली की दुसरं काम बंद, पेट्रोल जास्त झालं की पहिलं बंद. आता विचार करा, इंजिन ३००० वर जोरात ओढतंय आणि तुम्ही पाय फाटकन काढला. झडप एकदम मिटली की तिच्या पुढच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, दाब धाडकन पडतो. ज्या इंजिनात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारतात तिथे भिंतीवर पेट्रोलचा एक ओला थर बसलेला असतोच, दाब पडला की तो थर भसकन उडून वाफ होतो आणि सिलिंडरमध्ये शिरतो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त. वरून सिलिंडरमध्ये ताजी हवा इतकी कमी आणि जुना जळका धूर इतका जास्त की ठिणगी पडूनही कधीकधी पेटत नाही. ते न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं, म्हणजे प्रदूषणही आणि कन्व्हर्टर तापून खराब व्हायची भीतीही.

म्हणून ईसीयू झडप एकदम मिटतच नाही. हळूहळू मिटतो. आणि क्लच दाबलेला असेल तर इंजिनवर भार शून्य, मग चिमूटभर हवासुद्धा त्याला ३००० वर फिरवत ठेवायला पुरते. तोच तो लटकलेला काटा. इंग्रजीत याला रेव्ह हँग म्हणतात, आपल्याकडे सरळ "आरपीएम लटकतो" म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे हे काही आजचं पाप नाही. कार्बोरेटरच्या काळातही बऱ्याच गाड्यांना झडपेजवळ डॅशपॉट नावाचं एक बुटकं डबडं असायचं, आत डायफ्राम आणि बारीक भोक, दार आपटू नये म्हणून दारावर जो दट्ट्या लावतात तसाच प्रकार. झडप शेवटचा थोडा प्रवास त्या डबड्यावर टेकून हळू करायची. कल्पना तीच, फक्त तेव्हा त्या डबड्याचा स्क्रू पिळून ते मागे सरकवता यायचं, आता ते सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि स्क्रू तुमच्याकडे नाहीये.

दुसरं टेबल आरामाचं. गिअरच्या दात्यांत, शाफ्टच्या जोडांत थोडी मोकळीक असतेच. इंजिन गाडीला ढकलत असतं तेव्हा दाते एका बाजूला टेकलेले, पाय काढला की गाडी इंजिनला ढकलायला लागते, मग दाते दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतात, इंजिन आपल्या माउंटिंगवर मागे डोलतं आणि तुम्हाला "टक्" करून धक्का बसतो. हा धक्का लपवायला ईसीयू शून्याच्या आसपास टॉर्क मुद्दाम सावकाश उतरवतो, ठिणगीची वेळ मागेपुढे करून इंजिनचं डोलणं मोडतो. छोट्या तीन सिलिंडर इंजिनात हे जास्त जपावं लागतं कारण त्यात इंजिन २४० अंश फिरलं की एकदा स्फोट होतो, चार सिलिंडरला १८० अंशांनी, म्हणजे थरथर मुळातच जास्त. ती थरथर झाकायला फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारं चाक, जड देतात किंवा दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं देतात. आणि जड चाक एकदा फिरायला लागलं की ते पटकन थांबत नाही हे भोवरा फिरवलेल्या कोणालाही माहितीये. म्हणजे सॉफ्टवेअर सोडून दिलं तरी काटा जरा हळूच पडणार.

टर्बोचं टेबल लहान आहे. झडप मिटली तरी टर्बो लाखाच्या आसपास आरपीएमने फिरतच असतो आणि तो हवा कोंबत राहतो, जायला जागा नाही म्हटल्यावर ती हवा उलटी पंख्यावर आदळते, ते होऊ नये म्हणून एक बायपास व्हॉल्व्ह उघडून ती परत मागे सोडतात. बॉनेट उघडं ठेवून कोणाला रेस द्यायला आणि सोडायला सांगितलं तर तो बारीक फुस्स ऐकू येतो. हिसक्याशी त्याचा फार संबंध नाही पण लोक सगळ्याचं खापर टर्बोवर फोडतात म्हणून सांगितलं.

चौथं टेबल पेट्रोल बंद करायचं, आणि हे मला सगळ्यात आवडतं.

गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सुटलेला आहे, इंजिन गरम आहे, आरपीएम साधारण पंधराशेच्या वर आहे आणि पाय पूर्ण काढलेला आहे, असं असेल तर ईसीयू थोडा वेळ थांबून खात्री करतो आणि मग इंजेक्टर चक्क बंद करतो. कमी नाही, बंद. थेंबभर पेट्रोल जात नाही, चाकं इंजिनला फिरवत राहतात. मग आरपीएम हजार-बाराशे-तेराशेच्या आसपास आला की परत चालू, नाहीतर इंजिन बंद पडेल. तो "थोडा वेळ थांबून" भागही कन्व्हर्टरमुळेच, कारण पेट्रोल बंद केलं की इंजिन नुसती ताजी हवा कन्व्हर्टरमध्ये ढकलतं, कन्व्हर्टर ऑक्सिजनने तुडुंब भरतो आणि थंडही होतो, मग परत पेट्रोल सुरू झाल्यावर नायट्रोजन ऑक्साइड पकडायची त्याची ताकद काही क्षण गेलेली असते. ती परत आणायला ईसीयूला थोडं जास्तीचं पेट्रोल देऊन तो ऑक्सिजन संपवावा लागतो. म्हणून गिअर बदलताना तुम्ही एक सेकंद पाय काढता तेवढ्यासाठी तो हा सगळा उपद्व्याप करत नाही, थोडी हवा थोडं पेट्रोल चालू ठेवतो आणि वाट बघतो. म्हणजे फिरून परत तोच लटकलेला काटा.

हे सगळं वाचून खरं वाटेना म्हणून मी ओबीडी पोर्टला (ईसीयूचे आकडे वाचायचं गाडीतलं सॉकेट) लावायचा एक ब्लूटूथ डोंगल घेतला आणि फोनवर आकडे लावून बसलो (चालवत दुसरं कोणीतरी होतं, उगाच चालवताना बघू नका). मॅनिफोल्डचा दाब (बाहेरच्या हवेचा साधारण १०० किलोपास्कल धरा) गाडी उभी आणि न्यूट्रलला असताना ३५ च्या आसपास दाखवायचा. उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढला की तो २३-२४ वर जायचा. पण लगेच नाही. पाय काढल्यावर पेडलचा आकडा शून्य, झडपेचा आकडा मात्र जिन्याने उतरल्यासारखा, १८, १५, १३, आणि मग एकदम तळाला. आणि तळाला पोचला की त्याच क्षणी डॅशबोर्डवरचं, आत्ता किती पेट्रोल जातंय ते सांगणारं मीटर ०.० दाखवायला लागतं. ते बघून मला लहान मुलासारखा आनंद झाला, आणि गाडी चालवणारा म्हणाला आता बास, मला सिग्नल दिसू दे.

आता दुसरी तक्रार, जी पहिल्या तक्रारीच्या बरोबर उलट वाटते. गिअर बदलताना हिसका, पण घाट उतरताना मात्र गाडी धरतच नाही. जुनी गाडी तिसऱ्यात टाकली की कोणीतरी मागून शर्ट पकडल्यासारखी उतरायची, ही दुसऱ्यात टाकली तरी घरंगळते.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. इंजिन ब्रेकिंग, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनाने गाडी धरणं, कॉम्प्रेशनमुळे होतं असं बहुतेक जण सांगतात, मीही सांगायचो. पण पिस्टनने हवा दाबली तर ती दाबलेली हवा पुढच्या स्ट्रोकला स्प्रिंगसारखी पिस्टनला परत खाली ढकलते, दिलेलं बहुतेक परत मिळतं. पेट्रोल इंजिनात खरा ब्रेक लागतो तो मिटलेल्या झडपेमुळे, पिस्टन खाली जाताना हवा ओढायला बघतो आणि हवा येत नाही, सिरिंजच्या टोकावर बोट ठेवून दट्ट्या ओढून बघा, तसं. अधिक रिंगा, बेअरिंगा, ऑइल पंप यांचं घर्षण. डिझेलला ही झडप त्या अर्थाने नसतेच, म्हणून मोठ्या ट्रकना वेगळा जुगाड लागतो, दाबलेली हवा ऐन वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून सोडून द्यायची म्हणजे स्प्रिंग परत ढकलायलाच नको. क्लेसी कमिन्स यांची ती कल्पना आणि जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये ती बाजारात आणली, ट्रक उतरताना जो फडफड फडफड आवाज येतो तो हाच.

तर छोट्या इंजिनाचा हिशेब करून बघू, ढोबळ. १ लिटर इंजिनात मिटलेल्या झडपेमुळे साधारण ६ न्यूटन मीटर उलटा टॉर्क मिळतो, घर्षणाचा ८-९ धरा, एकूण पंधराच्या आत. ३५०० आरपीएमला ते होतात साधारण ५ किलोवॅट. आता माणसांसकट ११०० किलोची गाडी ७ टक्के उतारावरून ४० च्या वेगाने उतरतेय, तर उतार तिला ८ किलोवॅटच्या वर ताकदीने ढकलतोय. टायर आणि हवा मिळून जेमतेम २ खातात. उरले ६ च्या वर, इंजिन खातंय ५. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी हळूहळू वेग घेणारच, आणि तिसऱ्यात आरपीएम २३०० वर आला की इंजिन साडेतीनच खातं, मग तर विचारूच नका. २ लिटरचं इंजिन त्याच आरपीएमला दुप्पट धरतं. यात कुठेही बिघाड नाही, एवढ्याशा इंजिनात तेवढीच हवा अडवता येते.

वरून गेल्या काही वर्षांत ॲव्हरेजसाठी जे जे केलं ते सगळं नेमकं याच्या मुळावर आलंय. पातळ ऑइल, ०डब्ल्यू-२० वगैरे, हलक्या रिंगा, रोलरवाले टॅपेट, सगळं घर्षण कमी करायला. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करून हवा ओढायचा त्रास कमी. सपाट रस्त्यावर ८० ने जाताना इंजिनाला जो त्रास वाचतो तोच त्रास उतारावर तुमचा ब्रेक होता. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलंय, आणि वर्षभरात आपण उतारापेक्षा सपाटीवर कितीतरी जास्त चालवतो त्यामुळे सौदा वाईट नाही, फक्त घाटात गिअर अजून एक खालचा टाकायचा आणि ४००० आरपीएमचा आवाज ऐकून घाबरायचं नाही. पेट्रोल तेव्हा शून्य जात असतं. आवाज म्हणजे पेट्रोल हे समीकरण डोक्यातून जायला मला फार वेळ लागला.

याच्यावरून न्यूट्रलचा विषय निघतोच. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे काका सगळ्यांना माहीत असतात. न्यूट्रलला इंजिन स्वतःच्या जिवावर फिरतं, छोट्या इंजिनालाही तासाला अर्धा लिटर ते पाऊण लिटरच्या आसपास लागतं, आणि गिअरमध्ये असेल तर शून्य, म्हणजे तीव्र उतारावर काका सरळ सरळ तोट्यात, आणि वर सगळा भार ब्रेकवर, ते तापले की मग पळापळ. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अगदी हलक्या, लांबच लांब उतारावर काकांचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये, कारण गिअरमध्ये इंजिन गाडीचा वेग खातं आणि मग तुम्हाला परत रेस द्यावी लागते. म्हणूनच काही ऑटोमॅटिक गाड्या अशा वेळी आपणहून इंजिन चाकांपासून सोडवून घरंगळतात, फोक्सवॅगनने २०१७ च्या गोल्फमध्ये १.५ लिटर इंजिनाबरोबर तर घरंगळताना इंजिन पूर्ण बंद करायची सोय दिली होती. पण तिथे ब्रेक, स्टेअरिंग, सगळ्याची काळजी घेणारी यंत्रणा मागे बसवलेली आहे. काकांकडे ती नाही.

हिसक्याचं काय केलं ते सांगतो. सगळ्यांनी सुचवलं पेडलचा तो छोटा डबा लाव, पेडल आणि ईसीयूच्या मध्ये जोडतात तो. तो मी एका मित्राच्या गाडीत बघितला, तो फक्त पेडलचा सिग्नल फुगवून ईसीयूला पाठवतो, म्हणजे अर्धा पाय दाबला तर पाऊण दाबला असं खोटं सांगतो. रेस देताना गाडी चपळ वाटते, पण पाय काढला की शून्य ते शून्यच, शून्य फुगवून काय होणार. ज्यांना लटकणं कमी करायचंय ते ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, झडप मिटायचा वेग बदलतात, तेही होतं, पण वॉरंटी आणि प्रदूषण दोन्ही डोक्यावर घेऊन. मी नाही केलं.

मी पायाचीच वेळ बदलली. क्लच दाबायच्या जरासा आधी, अगदी अर्धा सेकंद, रेस सोडायची, मग क्लच. त्या अर्ध्या सेकंदात गाडीच इंजिनला खाली ओढते आणि ईसीयूचा जिना निम्मा उतरून झालेला असतो. दुसरं म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात ३००० ला जायचंच नाही. पहिल्या गिअरचा रेशो साधारण ३.५ आणि दुसऱ्याचा १.९५ असेल तर ३००० वरून काट्याला १६५० वर यायचंय, तेराशेहून जास्तीचा फरक, २००० ला बदललं तर फरक ९०० वर येतो आणि तेवढा क्लच गुपचूप गिळतो. थंड इंजिनाला यातलं काहीच नीट चालत नाही, कारण गाडी नुकती चालू केलेली असताना कन्व्हर्टर तापवायला ईसीयू आरपीएम मुद्दाम चढा ठेवतो आणि पेट्रोल बंद करायचं तर नावच काढत नाही. सकाळची पहिली काही मिनिटं हिसके धरूनच चालायचं.

एक गोष्ट अजून राहिली आणि ती मला ट्रॅफिकमध्ये रोज त्रास देते. दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून पुढच्या गाडीच्या मागे हळू हळू येतोय, गाडी छान धरतेय, आणि मग आरपीएम तेराशेला आला की ब्रेक हलका सुटल्यासारखं वाटतं आणि गाडी उलट बारीकशी पुढे सरकते. पेट्रोल परत सुरू झालं तो क्षण. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दचकून ब्रेक मारला होता आणि मागच्याने हॉर्न. एसीचाही भार इंजिनवरच असतो, म्हणून परवा तेच एसी बंद करून बघितलं, डोंगलवर आकडा लावून, दहा-बारा वेळा. ते पुढे सरकणं गेलं नाही, पण तेराशेवरून अकराशे-साडेअकराशेवर आलं, आणि तिथे ते इतकं हलकं होतं की शेजारी बसलेल्याला विचारलं तर तो म्हणाला कधी झालं?